एकखुरी वासरं आणि गाईचं पंधरावं गुणसूत्र: पुणे जिल्ह्यातल्या एका संकरित गोठ्याचं प्रकरण

पुणे–सोलापूर रस्त्यालगत, लोणी काळभोर आणि उरुळी कांचन यांच्या मधल्या पट्ट्यात २२ दुभत्या गाईंचा एक गोठा. सगळ्या गाई एचएफ (होल्स्टिन-फ्रिजियन) संकरित, मुळाशी गीर या देशी जातीचं रक्त. चौदा महिन्यांत इथे दोन वेगळ्याच पायांची वासरं जन्मली. पहिली कालवड: पुढच्या दोन्ही पायांना मधली फटच नाही, घोड्यासारखं एकसंध खूर. दुसरा गोऱ्हा, जुळ्यातला: फक्त पुढचा उजवा पाय तसा, बाकी तिन्ही ठीक. त्याच्याबरोबर जन्मलेली कालवड चारही पायांनी धडधाकट. घरात ग्रहणाची चर्चा झाली, मग खनिज मिश्रण बदलून झालं. पण एकाच गव्हाणीवर, एकाच मुरघासावर वाढलेल्या बाकीच्या गाईंची वासरं नीट होती, आणि बिघाड दोन्ही वेळा एकाच जागी, एकाच तऱ्हेचा होता. खाद्यातली कमतरता इतकी निवडक नसते.

हा गोठा अभ्यासासाठी रचलेला आहे. गाई, वळू आणि त्यांचे निकाल उदाहरणादाखल आहेत. जनुकं, त्यांच्या जागा, उत्परिवर्तनं, वर्षं आणि वाटेत होणाऱ्या चुका मात्र खऱ्या आहेत. प्रकरण निवडण्याचं कारण असं की गाय आणि माणूस यांचे जनुकनकाशे शेजारी ठेवून काम करताना जी चूक सर्रास होते, ती इथे उघडी पडते: माणसाचं अमुक गुणसूत्र म्हणजे गाईचं अमुक, असं एका ओळीत धरून चालणं.

आधी पाय नीट पाहावा

गाईच्या पायात वजन पेलणारी बोटं दोन, शरीररचनेच्या हिशेबात तिसरं आणि चौथं. दोन खुरं म्हणजे या दोन बोटांची टोकं. एकखुरीत ही बोटं जुळतात. खुराच्या आतलं सगळ्यात खालचं हाड सहसा पूर्ण एकजीव झालेलं असतं आणि वर जावं तसं जुळणं कमी होत जातं. मार लागून किंवा खूर कुजून बिघडलेल्या पायात बाहेरचं आवरण वेडंवाकडं होतं, पण आतली हाडं दोनच राहतात. म्हणून एक्स-रे लागतो आणि तो समोरूनच घ्यावा लागतो. बाजूने घेतला तर निरोगी पायाचीही दोन बोटं एकमेकांवर येऊन एकच दिसतात. या गोठ्यात पहिला एक्स-रे बाजूने निघाला होता आणि त्यावरून काहीच ठरत नव्हतं.

होल्स्टिन जातीत हा दोष म्यूलफूट या नावाने जुना आहे. त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी पुढचा उजवा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, शेवटी मागचा डावा. कालवडीचे पुढचे दोन आणि गोऱ्ह्याचा पुढचा उजवा, हे त्या क्रमात चपखल बसतं. दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच पाय जुळतात. पण एक मेख आहे: दोन बिघडलेल्या प्रती असूनही एखाद्या जनावराचे पाय नीट राहू शकतात. ही सवलत खरी आहे, पण तिचा आधार घेऊन चुकीचा निकालही खपून जातो. या प्रकरणात पुढे तसंच झालं.

वंशावळ आणि रेतनाचं रजिस्टर

दोन्ही आया, गाय ४ आणि गाय ७, एकाच शुद्ध एचएफ वळूच्या मुली. त्याला ‘अ’ म्हणू. गेल्या दोन वर्षांत गोठ्यात ‘ब’ या वळूच्या रेतमात्रा, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या, वापरल्या गेल्या, आणि कांडीवरच्या क्रमांकावरून शोध घेतल्यावर ‘ब’ हा ‘अ’चा मुलगा निघाला. म्हणजे सावत्र भावाबहिणींचा संकर झाला होता. गोठ्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण वळू डोळ्यांसमोर नसतो, असते ती फक्त ०.२५ मिलिची कांडी.

हिशेब सोपा आहे. ‘अ’ वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत बाळगणारा पण स्वतः निरोगी, असेल तर त्याची मुलगी वाहक असण्याची शक्यता १/२, मुलगा वाहक असण्याची १/२. दोघं वाहक असण्याची १/४, आणि अशा जोडीचं वासरू दोन्ही बिघडलेल्या प्रती घेऊन येण्याची आणखी १/४. एकूण सोळात एक. आठ मुलींना त्याच वळूच्या कांड्या दोन-तीन वेतं लागल्या की एखादं वासरू निघणं आश्चर्याचं नाही.

इथे संकरित गोठ्याची एक खास गोष्ट ध्यानात ठेवावी. दोष एचएफच्या बाजूने आलेला आहे. देशी गाईला एचएफची कांडी भरून झालेल्या पहिल्या पिढीत प्रत्येक गुणसूत्रजोडीतलं एक देशी असतं, त्यामुळे तिथे ही एचएफची प्रत दुहेरी होऊच शकत नाही. पुन्हा एचएफ, पुन्हा एचएफ असं करत रक्त ७५ टक्क्यांवर गेलं की दार उघडतं. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही पशुविकासाची संस्था उभी केली, तेव्हापासून या भागात संकरीकरण होत आलं आहे. आजच्या गोठ्यांतल्या अनेक गाई त्या साखळीच्या कितव्या तरी पिढीतल्या आहेत.

गाय ७ चं रजिस्टर गुंतागुंतीचं निघालं. ‘ब’ची कांडी भरल्यावर ती २१ दिवसांनी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, असं समजून ‘क’ या दुसऱ्या, नात्यात नसलेल्या वळूची कांडी भरली गेली. जुळं झालं ते पहिल्या रेतनापासून २८३ दिवसांनी, दुसऱ्यापासून २६२. एचएफचा गाभणकाळ साधारण २७९ दिवस, जुळं असेल तर काही दिवस कमी. २८३ जुळ्यासाठी जरा जास्त, २६२ बरंच कमी. तारखांवरून बाप ठरवू नये. गाभण राहिलेली गायही कधी कधी माजाची लक्षणं दाखवते. बाप चुकला तर पुढचा सगळा नकाशा चुकतो.

नमुने: जुळ्याच्या रक्तावर विश्वास ठेवू नका

प्रत्येक जनावराचं मानेच्या शिरेतून ५ मिलि रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत घेतलं. नळी हळू आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही, आणि ४ अंशांवर ठेवून दोन-तीन दिवसांत डीएनए काढायचा. १२ अंकी बिल्ल्याचा पूर्ण क्रमांक नळीवर लिहायचा. शेवटचे चार अंक लिहून भागवलं की एका गोठ्यात दोन सारखे निघण्याची जोखीम उगाच ओढवून घेतली. वळूंसाठी प्रत्येकी एक रेतमात्रा पुरते, पण शुक्रपेशीतला डीएनए नेहमीच्या पद्धतीने सुटत नाही. द्रावणात डीटीटी हे प्रथिनांचे बंध तोडणारं रसायन घालावं लागतं, नाहीतर हाती जवळपास काही येत नाही.

पितृत्वासाठी जगभर वापरला जाणारा मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले, लांबी जनावरागणिक बदलणारे छोटे पुनरावृत्त तुकडे) संच लावला: बीएम१८२४, बीएम२११३, ईटीएच३, ईटीएच१०, ईटीएच२२५, टीजीएलए२२७ आणि त्यांच्या जोडीची ठिकाणं. गोऱ्ह्याच्या निकालात चार ठिकाणी आलेखावर तीन-तीन शिखरं आली, एक शिखर म्हणजे एक प्रत. एका जनावरात एका ठिकाणी दोनच प्रती असू शकतात, तिसरी कुठून आली? पहिला संशय नमुना मिसळल्याचा घेतला गेला आणि रक्त पुन्हा काढलं. निकाल तोच.

कारण जुळ्यात आहे. गाईच्या जुळ्या गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी एकमेकांत जातात. गोऱ्ह्याच्या रक्तात बहिणीच्या पेशी आयुष्यभर राहतात. गोऱ्हा-कालवड जुळ्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक कालवडी वांझ निघतात, त्यामागेही हीच सरमिसळ असते. अशा वासराचं रक्त घेतलं तर दोन्ही प्रती बिघडलेल्या असूनही बहिणीची चांगली प्रत निकालात डोकावते, तो वाहक दिसतो, आणि खरं जनुक यादीतून बाद होतं. म्हणून जुळ्याचा नमुना कानाच्या ऊतीचा घ्यावा, बिल्ला मारताना निघणारा तुकडा पुरतो. कानाच्या नमुन्यात तिसरी शिखरं गेली. ‘क’ तीन ठिकाणी जुळला नाही, ‘ब’ सगळीकडे जुळला. बाप ‘ब’.

(संचातला एसपीएस११५ हा मार्कर, म्हणजे डीएनएवरची खूण, योगायोगाने पंधराव्या गुणसूत्रावरच आहे. त्यावरून दोष ओळखता येईल का, असा मोह होतो. एकटा मार्कर दोषापासून दूर असला तर दर पिढीत फारकत होऊ शकते. त्याच्यावर निदान टेकवू नये.)

दोन्ही वासरांत सारखं काय

आता सुमारे ५४ हजार मार्कर असलेली एसएनपी चिप (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक एकदम वाचणारी): दोन वासरं, दोन आया, ‘ब’ आणि त्याच गोठ्यातली चार निरोगी वासरं. शोधायचं ते हे: दोन्ही बाधित वासरांत जिथे दोन्ही प्रती एकसारख्या आहेत, आणि एका वासराची प्रत दुसऱ्याच्या प्रतीशीही जुळते, असे तुकडे.

किती तुकडे योगायोगानेच मिळतील, हे आधी काढून ठेवावं, म्हणजे पहिल्या सापडलेल्या तुकड्यावर हुरळून जायला होत नाही. सावत्र भावंडांच्या संकरातल्या वासरात जनुकसंचाचा आठवा हिस्सा असा दुहेरी होतो. लिंगगुणसूत्रं सोडून गाईचा संच डीएनएच्या सुमारे २५० कोटी अक्षरांचा, म्हणजे एका वासरात ३१ कोटी अक्षरं. दोन्ही वासरांत एकाच जागी तीच प्रत दुहेरी होण्याची शक्यता १/६४, म्हणजे चार कोटींच्या आसपास अक्षरं निव्वळ नशिबाने. निरोगी वासरांपैकी कुणात तीच प्रत दुहेरी असेल तर त्या तुकड्यावरचा संशय कमी होतो, पण तो पूर्ण रद्द करता येत नाही, कारण वर सांगितलेली सवलत: दुहेरी प्रत असूनही पाय नीट राहू शकतात.

तीन तुकडे उरले. एक तिसऱ्या गुणसूत्रावर, एक बाराव्यावर, आणि पंधराव्याच्या शेवटच्या टोकाकडे सव्वा कोटी अक्षरांचा.

गाईची जनुकं माणसाच्या नकाशावरून वाचायची ही रीत चिप येण्याच्या खूप आधीची आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या जेम्स वोमॅक यांनी गाईच्या पेशी उंदरासारख्या कृंतक प्राण्यांच्या पेशींशी जुळवल्या. अशा संकरित पेशी वाढताना गाईची गुणसूत्रं एकेक करून टाकून देतात. कोणतं जनुक कोणाबरोबर नाहीसं होतं हे पाहून कोणती जनुकं एका गुणसूत्रावर राहतात हे ठरवलं गेलं. गाय, उंदीर आणि माणूस यांच्यात जनुकांचे गट टिकून राहिले आहेत, हे १९८६ साली त्यांच्या नकाशातून पुढे आलं. पुढे मानवी गुणसूत्रांचे रंगीत तुकडे गाईच्या गुणसूत्रांवर चिकटवून पाहण्याची पद्धत १९९० च्या दशकात आली, आणि २००९ मध्ये एका हिअरफोर्ड गाईचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. आज वापरात असलेला संदर्भ याच गाईचा, म्हणजे युरोपीय वंशाचा आहे. हेही पुढे नडलं.

चूक कुठे झाली

माणसात बोटं जुळण्याशी संबंधित जनुकांची यादी काढली. हॉक्सडी१३ मानवी दुसऱ्या गुणसूत्रावर, गाईतही दुसऱ्यावर. जीजेए१ मानवी सहाव्यावर, गाईत नवव्यावर. एसएचएच आणि त्याला दूरवरून चालवणारा भाग मानवी सातव्यावर, गाईत चौथ्यावर. या तिन्ही जागी तुकडे नव्हते, ती बाद झाली, आणि योग्यच झालं. चौथं नाव एलआरपी४, मानवी अकराव्यावर, ११पी११.२ या पट्ट्यात. वर्गात फिरणाऱ्या एका छोट्या तक्त्यात ‘मानव ११ = गाय २९’ एवढंच होतं. एकोणतिसाव्यावर तुकडा नाही, म्हणून एलआरपी४ वरही काट मारली गेली. हातातल्या तीन तुकड्यांपैकी एकाशी त्याचा संबंध असू शकेल, हा विचारच झाला नाही.

तक्ता खोटा नव्हता, अर्धा होता. मांसाच्या मऊपणासाठी तपासलं जाणारं कॅपन१ आणि रंगद्रव्याचं टायरोसिनेज ही दोन्ही मानवी अकराव्यावर आहेत आणि गाईत एकोणतिसाव्यावर. पण मानवी अकरावं गुणसूत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तर काय दिसतं ते पाहा. २१ लाखाव्या अक्षराजवळ आयजीएफ२: गाईत २९. ५२ लाखांजवळ हिमोग्लोबिनचं एचबीबी: गाईत १५. ४ कोटी ६९ लाखांजवळ एलआरपी४: १५. मग सेंट्रोमिअर (गुणसूत्राची कंबर) ओलांडून साडेसहा कोटींजवळ कॅपन१: २९. ७ कोटी ४० लाखांजवळ यूसीपी२: पुन्हा १५. ८ कोटी ९० लाखांजवळ टायरोसिनेज: २९. ११ कोटी ६८ लाखांजवळ एपीओए१: १५. इरकली पातळाच्या काठासारखे पट्टे आलटून पालटून येतात. आयजीएफ२ आणि एचबीबी माणसात जेमतेम ३१ लाख अक्षरांच्या अंतरावर, दोन्ही ११पी१५ या एकाच पट्ट्यात, तरी गाईत वेगवेगळ्या गुणसूत्रांवर.

माणूस आणि गाय यांचे वंश वेगळे झाल्यानंतरच्या कोट्यवधी वर्षांत गुणसूत्रं तुटली, उलटी बसली, दुसऱ्याला जोडली गेली. तुटण्याच्या दोन जागांच्या मध्ये जे अखंड राहिलं त्यात जनुकांचा क्रम बहुतांशी तसाच आहे. म्हणजे भरवसा तुकड्याच्या पोटात, धोका तुकड्याच्या कडांना. ‘११’ आणि ‘२९’ हे आकडे आपण दिलेले क्रमांक आहेत, लांबीवरून लावलेले. त्यांच्यात कसलंही नातं नाही. रंगीत तुकड्यांच्या जुन्या चित्रांत मानवी अकरावं गाईच्या १५ आणि २९ दोन्हींवर उजळतं, ते बरोबरच आहे, पण त्या चित्रावरून एक जनुक कुठे पडतं हे सांगता येत नाही.

उलट उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. गाईच्या पहिल्या गुणसूत्रात मानवी २१ आणि मानवी ३ असे दोन्हींचे भाग एकत्र आहेत. रेतन केंद्रांवर वळूंच्या ज्या चाचण्या होतात, त्यातल्या बीएलएडी (रोगप्रतिकारशक्तीचा आनुवंशिक दोष) याचं जनुक आयटीजीबी२ मानवी २१ वर आणि डम्प्स (गर्भ लवकर मरण्याचा आनुवंशिक दोष) याचं यूएमपीएस मानवी ३ वर आहे. गाईत दोन्ही पहिल्यावर. मानवी नकाशा पाहून हे दोन दोष पुढच्या पिढीत स्वतंत्रपणे वाटले जातील असं गृहीत धरलं तर आकडेमोड फसू शकते.

उलट्या दिशेने, पण नीट

बरोबर पद्धत जनुकाच्या नावापासून नाही, तुकड्यापासून सुरू होते. पंधराव्यावरच्या सव्वा कोटी अक्षरांतली गाईची सगळी जनुकं काढायची. प्रत्येकाचं प्रथिन मानवी संचाशी ताडायचं, मिळालेलं सर्वांत जवळचं मानवी प्रथिन परत गाईच्या संचाशी ताडायचं. दोन्हीकडून एकमेकांचीच निवड झाली तरच जोडी मानायची. मग त्या जोड्यांचा क्रम दोन्हीकडे लिहायचा, आणि संशयित जनुकाच्या दोन्ही अंगांना किमान दोन-तीन शेजारी त्याच क्रमाने दिसले तरच जागा पक्की.

एलआरपी४ साठी हा पुरावा भक्कम आहे. एका बाजूला रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनचं एफ२ आणि सीकेएपी५, दुसऱ्या बाजूला एमएडीडी, एमवायबीपीसी३ आणि एसपीआय१. हा शेजार माणसात आहे, गाईतही. (एमवायबीपीसी३ भारतीय वाचकाला ओळखीचं असेल: त्यातली २५ अक्षरांची एक गळती दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळते आणि हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी जोडलेली आहे. एकखुरीशी तिचा संबंध नाही, पण खूण म्हणून हे जनुक उपयोगी.)

दोन ठिकाणी पाय घसरतो. मानवी अकराव्याच्या सेंट्रोमिअरच्या दोन्ही अंगांना वास ओळखणाऱ्या जनुकांचे मोठे घोळके आहेत. ती जनुकं इतकी सारखी आणि इतकी जास्त, की गाईतल्या एकाची नेमकी मानवी जोडी सांगता येत नाही. त्यांना खुणा म्हणून वापरलं की क्रम विस्कटलेला दिसतो आणि नसलेली तूट सापडते. अशी जनुकं खुणांच्या यादीतून सरळ काढावीत. दुसरं, संदर्भ संचाची आवृत्ती. चिपच्या जुन्या यादीतल्या जागा यूएमडी३.१ वरच्या होत्या आणि जनुकांच्या जागा एआरएस-यूसीडी१.२ वरून घेतल्या. दोन्हींत तोच मार्कर काही लाख अक्षरांनी इकडेतिकडे होतो. तुकड्याची कड ठरवताना हे अंतर जीवघेणं आहे. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर आवृत्ती लिहिल्याशिवाय तक्ता पुढे पाठवू नये.

एकोणतिसाव्यावर फेकलं गेलेलं एलआरपी४ असं पंधराव्याच्या तुकड्यात परत आलं. ते पायाच्या अंकुरात डब्ल्यूएनटी या पेशींमधल्या वाढीच्या संदेशाला लगाम घालतं. लगाम सुटला की बोटांच्या मधला भाग नीट विलग होत नाही. उंदरातही हे जनुक बिघडलं की बोटं जुळतात. १९९६ मध्ये होल्स्टिनमधली एकखुरी पंधराव्या गुणसूत्रावर नेली गेली, तीही समान वंशाच्या दुहेरी तुकड्यांच्या याच तर्काने. २००६ मध्ये दोष एलआरपी४ मध्ये सापडला. आणि माणसातल्या सेनानी–लेंझ या हातापायाची बोटं जुळण्याच्या दुर्मीळ आजारात एलआरपी४ चा हात आहे, हे २०१० मध्ये समोर आलं. म्हणजे इथे गाय माणसाच्या पुढे चार वर्षं होती. सेनानी–लेंझमध्ये मूत्रपिंडाचेही दोष आढळतात, हे वाचल्यावर दोन्ही वासरांच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घेतली गेली. एका प्रजातीच्या कागदावरून दुसऱ्या प्रजातीत काय तपासायचं हे कळणं, नकाशाचा हा उपयोग जागा शोधण्याइतकाच मोलाचा आहे.

दोन अक्षरं, आणि एक हरवलेली प्रत

एलआरपी४ मध्ये ३८ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा संकेत असलेले तुकडे, आहेत. होल्स्टिनचा ओळखीचा बदल ३३व्यात. संकेतातली ४८६३ आणि ४८६४ ही लगतची अक्षरं सी-जी असायची ती ए-टी होतात. ४८६३ हे १६२१व्या अमिनो आम्लाचं शेवटचं अक्षर आणि ४८६४ हे १६२२व्याचं पहिलं, त्यामुळे एका फटक्यात दोन अमिनो आम्लं बदलतात: अ‍ॅस्परॅजिनच्या जागी लायसिन, ग्लायसिनच्या जागी सिस्टीन.

मग त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारा पीसीआर २५ मायक्रोलिटरचा, ५० नॅनोग्रॅम डीएनए, प्रत्येक प्रायमर १० पिकोमोल, ३५ चक्रं. प्रायमर (प्रत जिथून सुरू करायची तिथे चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) एक्झॉनच्या दोन्ही बाजूंच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे संकेत नसलेल्या भागांत, संदर्भ गाईवरून बेतलेले. सोबत मुक्त असल्याचं माहीत असलेल्या एचएफचा एक नमुना आणि डीएनए नसलेली एक नळी. अनुक्रम दोन्ही दिशांनी वाचला. दोन्ही वासरांत स्वच्छ ए-टी. ‘ब’ आणि गाय ४ मध्ये लगतच्या दोन जागी जोडशिखरं, सी/ए आणि जी/टी, म्हणजे वाहक. अपेक्षेप्रमाणे.

गाय ७ मध्येही मात्र स्वच्छ ए-टी, जोडशिखर नाही. म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या, आणि पाय उत्तम. दोष दुहेरी असूनही दिसत नाही अशी गाय आहे, अशी नोंद होऊन प्रकरण बंद होणार होतं. पण चिपच्या निकालात एलआरपी४ च्या आसपासच्या सगळ्या मार्करवर गाय ७ च्या दोन प्रती वेगवेगळ्या होत्या. तिला एक गुणसूत्र एचएफ ‘अ’कडून आलेलं, दुसरं गीरच्या वंशाचं. गीरकडून आलेली प्रतही अगदी तेच दोन-अक्षरी उत्परिवर्तन घेऊन येईल, हे मानण्यासारखं नव्हतं.

गीरच्या प्रतीत प्रायमर बसायच्या जागी, त्याच्या ३′ टोकाशी (जिथून नवी प्रत वाढत जाते), एक अक्षर वेगळं होतं. प्रायमर तिथे चिकटलाच नाही, फक्त एचएफची प्रत वाढली, आणि वाहक गाय दुहेरी दिसली. इंट्रॉनमध्ये वशिंडाच्या आणि बिनवशिंडाच्या गाईंत फरक भरपूर असतात. युरोपीय गाईवरून बेतलेला प्रायमर संकरित गाईत वापरताना हा धोका नेहमीचा समजावा. उपाय पुन्हा नकाशांच्या तुलनेतूनच मिळतो. माणूस, गाय, म्हैस आणि मेंढी यांचे अनुक्रम एकाखाली एक लावायचे, वशिंडाच्या ब्राह्मन जातीचा संच उपलब्ध आहे तोही घ्यायचा, आणि जिथे इतक्या दूरच्या प्राण्यांतही अक्षर बदललेलं नाही अशी २०–२२ अक्षरांची पट्टी निवडायची. शेवटच्या पाच अक्षरांत एकही फरक चालणार नाही. अशा पट्ट्या बहुधा एक्झॉनमध्येच मिळतात, म्हणून नवे प्रायमर ३२व्या आणि ३४व्या एक्झॉनमध्ये ठेवले. नव्या जोडीने गाय ७ मध्ये जोडशिखरं आली. वाहक. नियम इतकाच: पीसीआरचा निकाल आणि आसपासच्या मार्करचा निकाल एकमेकांशी भांडत असतील तर अपूर्ण आविष्काराकडे (दोष दुहेरी असूनही न दिसण्याकडे) बोट दाखवण्याआधी प्रायमर बदलून पाहावा.

गोठ्यात काय केलं

नव्या प्रायमरने २२ही गाई तपासल्या. ‘अ’च्या आठ मुलींपैकी पाच वाहक, तीन मुक्त; बाकी चौदाही गाई मुक्त. वाहक गाय आजारी नसते, दूध कमी देत नाही, तिला गोठ्यातून काढायचं काही कारण नाही. तिला फक्त तपासलेल्या मुक्त वळूची कांडी भरायची. तिची निम्मी वासरं वाहक होतील, एकखुरी एकही नाही. ‘ब’च्या उरलेल्या कांड्या वाहक गाईंसाठी बंद केल्या. रेतन करणाऱ्याच्या रजिस्टरवर वळूच्या क्रमांकापुढे तशी खूण केली आणि कांड्या पुरवणाऱ्या केंद्राला निकाल लेखी कळवला, कारण त्याच वळूच्या कांड्या तालुक्यात इतरत्रही गेलेल्या असतात. बीएलएडी, सिट्रुलिनिमिया, डम्प्स आणि फॅक्टर ११ या आनुवंशिक दोषांच्या नेहमीच्या तपासण्यांतून ‘ब’ स्वच्छ निघाला होता. त्या तपासण्या एलआरपी४ पाहत नाहीत.

दोन वाहक गाई ‘ब’पासून आधीच गाभण होत्या. प्रत्येक गर्भाला चारात एक धोका. त्यांच्याबाबत करायचं एवढंच की वेण्याच्या जागी कोरडी, मऊ गादी ठेवायची आणि वासराचा कानाचा नमुना पहिल्या आठवड्यात घ्यायचा.

दोन्ही बाधित वासरं सांभाळायची आहेत. २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशाची कत्तल बंद आहे, त्यामुळे त्यांचा खर्च वर्षानुवर्षं गोठ्यावरच राहतो. सिमेंटच्या फरशीवर एकसंध खूर लवकर झिजतं आणि पुढे तळव्याला जखमा होतात. मुरुमाची किंवा मॅटची जमीन द्यावी, खूर दर दोन-तीन महिन्यांनी साळावं. एकखुरी होल्स्टिनना उष्णता सोसत नाही, ताप एकदम चढतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो, म्हणून दुपारी अकरा ते पाच सावली, फॉगर आणि भरपूर पाणी. गोऱ्हा खच्ची केला.

प्रयोगशाळेच्या अहवालाची भाषा शेवटी एकदा बदलावी लागली. पहिल्या मसुद्यात मुक्त गाईंपुढे ‘एकखुरी दोषापासून मुक्त’ असं लिहिलं होतं. पण २००७ मध्ये एलआरपी४ मध्येच आणखी चार बदल नोंदले गेले, त्यातला एक होल्स्टिनमध्ये: ४९४०व्या जागी सी ऐवजी टी. आईबापांपैकी एकाकडून ४८६३चा बदल आणि दुसऱ्याकडून हा आला तरी वासराचे पाय जुळतात. म्हणून प्रत्येक ओळीत आता असं छापलं जातं: ‘एलआरपी४, ४८६३–४८६४ सीजी→एटी: आढळला नाही. जनुकाचा उर्वरित भाग तपासलेला नाही.’